बैलगाडा ग्रुपचा शर्ट: रंग, कापड, अक्षरं आणि छपाई

खटाव तालुक्यातल्या एका छकड्याच्या, म्हणजे शर्यतीच्या हलक्या बैलगाडीच्या, ग्रुपचा प्रश्न आहे. ग्रुपमध्ये २२ जण. दावणीला एक खिल्लार, नाव सर्जा. शर्यतीला जोडीचा बैल पैऱ्यावर, म्हणजे अदलाबदलीच्या बोलीवर, दुसऱ्या गावाहून येतो. यात्रेच्या आधी सगळ्यांना एकसारखे शर्ट करायचेत. पोरांना लालभडक हवाय, घरातली जाणती माणसं म्हणतात लाल बघून बैल बिथरेल. गेल्या वर्षीच्या शर्टांची छपाई दोन धुण्यांत उलली आणि पाठीवरचं नाव एकाही फोटोत वाचता येत नाही. रंग, कापड, छपाई, अक्षरं, खर्च असं सगळं एकदम विचारलंय.

मी कराडच्या बाजूला १८ वर्षं शर्ट छापतो. क्रिकेट, कबड्डी, दहीहंडी, गणेश मंडळं सगळ्यांचे केले, पण बैलगाड्याच्या शर्टाचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो का करावा लागतो तेच आधी सांगतो. क्रिकेटचा शर्ट फक्त माणसं बघतात. तुमचा शर्ट बैलही बघतो. सुटायच्या रेषेवर सर्जाच्या तोंडापासून हातभर अंतरावर चार-पाच शर्ट उभे असतात, आणि त्या घडीला तो आधीच तापलेला असतो. म्हणून माझ्याकडे ग्रुपची पोरं आली की मी आधी विचारतो, बैल धरणारे किती, गाडी हाकणारा कोण, आणि पुढे पकडायला कोण उभं राहतं. डिझाइन त्याच्यानंतर.

आता लाल रंग. घरातल्या माणसांची काळजी खरी आहे, कारण मात्र दुसरं आहे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, गुरांच्या डोळ्यात दोनच. लाल ओळखणारी वेगळी पेशी त्यांना नाही. आपल्याला जो लालभडक दिसतो तो सर्जाला मळकट, काळपट दिसतो. तेव्हा नुसत्या लाल रंगाने तो उधळणार नाही. उलट पोपटी-पिवळ्या छटा गुरांना सगळ्यात ठळक दिसतात. हल्ली पोरं निऑन पोपटी शर्टाच्या मागे असतात. माझं मत विचाराल तर बैल धरणाऱ्याच्या अंगावर लालापेक्षा तो जास्त वाईट.

बैल दचकतो ते हलणाऱ्या, फडफडणाऱ्या आणि चमकणाऱ्या वस्तूला. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी गुरं कशाला बुजतात याचा आयुष्यभर अभ्यास केला. कुंपणावर टाकलेलं जाकीट, वाऱ्यावर हलणारं कापड, चकाकणारा पत्रा, उजेडातून एकदम सावली, असल्या साध्या गोष्टींनी गुरं जागच्या जागी थांबतात हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे न शिकता ठाऊक असतं. माझे आजोबा गोठ्यात जाताना धोतराचा सोगा खोचून घ्यायचे. त्यातच बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्याला जवळजवळ ३३० अंशांतलं दिसतं. तो समोर बघतोय असं तुम्हाला वाटतं तेव्हा बाजूच्या पोराचा उघडा, फडफडणारा शर्टही त्याला दिसत असतो.

यावरून शर्टाचे चार नियम मी माझ्यापुरते ठरवून टाकलेत. कापड चमकणारं नको. सॅटीनसारखी झळाळी असलेलं स्पोर्ट्सचं कापड बाजारात स्वस्त मिळतं, ते घेऊ नका. सोनेरी, चंदेरी फॉइलची छपाई नको. शर्ट पॅन्टीत खोचता येईल एवढा लांब किंवा कमरेशी संपणारा, मधला लोंबता नको. आणि काळ्या-पांढऱ्या चौकटी अंगभर नकोत. शर्यत म्हटलं की पोरांना गाड्यांच्या रेसमधल्या झेंड्याच्या चौकटी आठवतात, दिसतातही झकास, पण इतका तीव्र काळा-पांढरा फरक बैलाच्या डोळ्यासमोर हलत ठेवायचा नाही. कॉलरच्या आतल्या पट्टीला चौकटी घ्या, हौस भागते.

मग रंग कुठला? मी तुम्हाला गडद निळा किंवा विटकरी सुचवीन. पोरांना लालच हवा असेल तर विटकरीकडे झुकणारा लाल घ्या. बैलाला चालतो, धूळ लपवतो आणि गुलालाचा डागही त्यावर उठून दिसत नाही. पांढरा घेऊच नका. फायनल मारली की गुलाल उधळणारच, आणि हल्लीचा गुलाल सुती पांढऱ्या शर्टावर बसला की कायमचा. काळा चैत्रातल्या उन्हात भाजून काढतो.

आणि रंग कुठलाही घेतलात तरी एवढं कराच. शर्ट मैदानाच्या आदल्या दिवशी वाटू नका. आठ-दहा दिवस आधी हातात आले पाहिजेत. दोनदा धुवून घ्या, म्हणजे शाईचा नवा वास जातो, आणि बैल धरणाऱ्या पोरांनी तेच शर्ट घालून वैरण टाकायची, खुराक द्यायचा, फिरवायला न्यायचं. सर्जाला तो शर्ट त्याच्या खुराकाच्या वासाबरोबर ओळखीचा झाला पाहिजे.

कापडाचं बोलू. पॉलिस्टर की सुती, हा वाद दरवर्षी होतो. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे कुडकुडायला होतं, आणि चैत्र-वैशाखातल्या गावयात्रांच्या मैदानावर दुपारी उभं राहवत नाही. दोन्हीकडे एकच शर्ट चालवायचा असेल तर पॉलिस्टरचं जाळीदार विणीचं कापड बरं. बाजारात डॉटनिट, राइस निट, सप मॅटी अशी नावं ऐकाल. डॉटनिट हलकं, बारीक छिद्रांचं, घाम लवकर वाळतो. सप मॅटी जरा भरीव, झळाळी कमी, अंगावर बसतं चांगलं. बैल धरणाऱ्यांसाठी मी सप मॅटी घेतो कारण ते फडफडत कमी. पॉलिस्टरला घामाचा वास धरून राहतो हा दोष आहेच. घरी आल्यावर पोत्यात कोंबून न ठेवता रात्रीच पाण्यातून काढायचा.

कापडाचा जाडपणा जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. दुकानदार १८० सांगतो आणि १४० देतो, असं खूप होतं. तपासायची सोपी युक्ती आहे. नमुन्याच्या कापडातून १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि गावातल्या सोनाराकडे जाऊन काट्यावर ठेवा. १.६ ग्रॅम भरलं तर १६० जीएसएम, १.४ भरलं तर १४०. तुमच्या कामाला १५० ते १७० पुष्कळ. त्याखाली गेलात तर शिंगाचं टोक नुसतं लागलं तरी कापड फाटतं.

आता गेल्या वर्षीची छपाई का उलली ते बघू, कारण त्याच चुकीला पुन्हा पैसे जाऊ नयेत. जुना एखादा शर्ट हातात घ्या आणि छापलेला भाग आडवा ताणा. शाईला बारीक भेगा पडून भुकटी निघत असेल तर ती स्क्रीन प्रिंटिंगची शाई कच्ची राहिली. ती शाई साधारण १६० अंश सेल्सिअसला पूर्ण पिकावी लागते. घाई असली की छपाईवाला वरून गरम हवा मारतो, वरचा थर हाताला कोरडा लागतो आणि आतून ओला राहतो. पहिल्या धुण्याला तग धरतो, दुसऱ्याला नाही. पण अक्षराचा कोपरा धरून अख्खा पापुद्रा उचलला जात असेल तर ती डीटीएफ छपाई. त्यात चित्र आधी प्लास्टिकच्या फिल्मवर छापतात, मागे गोंदाची भुकटी असते, आणि गरम प्रेसने ते कापडावर चिकटवतात. दाब कमी पडला किंवा फिल्म घाईने ओढली की हे असं होतं. डीटीएफ वाईट नाही. पाच-दहा शर्ट हवे असतील, छातीवर छोटं रंगीत चिन्ह हवं असेल तर तोच सोयीचा. पण पाठभर बैलाचा फोटो डीटीएफने घेतला की पाठीवर प्लास्टिकचा पाटा बसतो, त्याखालून घाम बाहेर जात नाही आणि दिवस संपेपर्यंत पोरं शर्ट काढून खांद्यावर टाकतात. म्हणजे पुन्हा फडफड.

२२ शर्टांना आणि तुमच्या कामाला सब्लिमेशन योग्य. त्यात रंग आधी कागदावर छापला जातो, मग कागद आणि पांढरं पॉलिस्टर एकत्र साधारण २०० अंशांच्या उष्णतेखाली जातात. रंगाची वाफ होते आणि ती थेट धाग्यात शिरते. वर थर बसतच नाही, म्हणून उलण्यासारखं काही राहत नाही. कापड फाटेपर्यंत नाव जात नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. सब्लिमेशन फक्त पॉलिस्टरवर, तेही पांढऱ्या किंवा फिक्या. सुतीवर रंग धरत नाही. आणि कापड आधी छापून मग कापून शिवायला सांगा. काही जण शिवलेल्या तयार पांढऱ्या शर्टावरच प्रेस मारतात. तसं केलं की काखेत आणि शिवणीच्या घडीत पांढऱ्या रेघा राहतात, हात वर केला की लांबूनही दिसतात. तुमची पोरं दिवसभर हात वर करूनच नाचणार आहेत.

लाल शर्टाचा एक अनुभव सांगायलाच हवा, कारण तुम्हाला लाल हवाय. सात-आठ वर्षांपूर्वी मी एका ग्रुपला तयार लाल पॉलिस्टर टी-शर्टांवर पांढऱ्या शाईत नाव छापून दिलं. दुकानातून गेले तेव्हा पांढरंशुभ्र. तिसऱ्या दिवशी फोन आला, अक्षरं गुलाबी पडलीत. झालं असं की छपाई पिकवताना जी उष्णता दिली तिने कापडातलाच लाल रंग सुटून वाफेसारखा वरच्या पांढऱ्या शाईत शिरला. जी क्रिया सब्लिमेशनमध्ये उपयोगी पडते तीच इथे घात करते. मी ते ३० शर्ट पुन्हा करून दिले आणि ती ऑर्डर तोट्यात गेली, पण तेव्हापासून गडद पॉलिस्टरवर पांढरं छापायचं असेल तर कमी उष्णतेची शाई आणि मधे रंग अडवणारा करडा थर घेतल्याशिवाय हात लावत नाही. तुमच्या बाबतीत सोपा मार्ग असा, की कापड पांढरंच घ्यायचं आणि लाल रंग सब्लिमेशननेच छापायचा, अक्षरांची जागा मोकळी सोडायची. मोकळी सोडलेली जागा म्हणजे कापडाचाच पांढरा. तो गुलाबी पडायचा प्रश्न येत नाही.

आता अक्षरं. माझ्या मते निम्मे शर्ट इथेच फसतात, आणि यात पैसे लागत नाहीत, लक्ष लागतं.

निवेदक माइकवरून कसं पुकारतो ते आठवा. आधी देवाचं नाव आणि प्रसन्न, मग मालकाचं किंवा ग्रुपचं नाव, मग गाव, आणि तास (गाडी पळायची पट्टी) नंबर अमुक. शर्टावर सगळं त्याच क्रमाने, एकाच आकारात घातलं की काहीच वाचता येत नाही. पाठीवर सगळ्यात मोठं काय हवं ते एकच ठरवा. मी म्हणेन बैलाचं नाव. लोक सर्जाला ओळखतात, तुमच्या ग्रुपच्या नावातले चार शब्द कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. मधे मोठं ‘सर्जा’, खाली गाव, आणि देवाचं नाव छोट्या अक्षरात पुढे छातीवर. बस. गावाखाली तालुका आणि जिल्हा लिहायचा मोह होतो, तो आवरा.

किती मोठं? बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांचा एक ठोकताळा आहे: एक इंच उंचीचं अक्षर १० फुटांवरून आरामात वाचता येतं, ३० फुटांवरून कसंबसं. माणूस पळत असताना ‘कसंबसं’ उपयोगाचं नाही, म्हणून १० चाच हिशेब धरा. मैदानात लोक तुमच्यापासून ३५-४० फुटांवर असतील तर नाव साडेतीन-चार इंची हवं. आणि देवनागरीत उंची मोजताना वेलांटी, मात्रा, रफार, उकार धरू नका. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतच मोजा. डिझाइन करणारा स्क्रीनवर ‘चार इंच’ दाखवतो तेव्हा त्यात वरचा रफार धरलेला असतो, आणि ‘सर्जा’चा ‘जा’ प्रत्यक्षात अडीच इंचाचा निघतो. गेल्या वर्षी तुमचं नाव फोटोत वाचता आलं नाही त्याचं एक कारण हे असणार.

दुसरं कारण बहुतेक अक्षरांना दिलेली कमान. पाठीवर नाव धनुष्यासारखं वाकवायची फॅशन इंग्रजी जर्सीवरून आली. रोमन अक्षरं सुटी असतात, ती वाकवली तर फक्त तिरकी होतात. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. वाकवलं की वर रेघ तुटते, खाली काने एकमेकांत घुसतात. तीच गोष्ट अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द तोंडातले दात पडल्यासारखा दिसतो. नाव सरळ ठेवा. जोर हवा असेल तर अक्षर जाड घ्या. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोफत मिळतात. ‘बालू’ची गोलसर जाड अक्षरं शर्टावर छान भरतात, ‘मुक्ता’चं जाड वजन गावाच्या नावाला चांगलं.

अक्षरांना बाहेरून पांढरी किंवा काळी कड द्यायची असेल तर डिझाइनवाल्याला आधी सगळी अक्षरं वेल्ड करायला सांगा, म्हणजे जोडून एकसंध करायला. नाहीतर प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा यांच्याभोवती वेगळी कड येते आणि शिरोरेषेवर जागोजाग आडव्या रेघा उमटतात. तालुक्याच्या ठिकाणी छापलेल्या दहा शर्टांपैकी निम्म्यांवर मला हे दिसतं आणि जीव कळवळतो.

छपाईला जाण्याआधी नाव कागदावर काढून घरातल्या शिकणाऱ्या पोरीला वाचायला द्या. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेली की जोडाक्षरं मोडतात. ‘प्रसन्न’चा ‘न्न’ फुटतो, ‘र्जा’चा रफार उडून ‘सरजा’ होतो, ‘ऱ्या’ची तर दैनाच होते. फाइल पाठवताना अक्षरांचे कर्व्ह करून पाठवायचे, म्हणजे ती अक्षरं न राहता आकार होतात आणि मोडत नाहीत. पण कर्व्ह केल्यावर चूक दुरुस्तही होत नाही. म्हणून आधी वाचायचं, मग कर्व्ह.

बैलाच्या चित्राचं थोडं सांगतो. तुमच्याकडे सर्जाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरून आलेला असणार. तो शर्टभर मोठा केला की नुसते ठोकळे दिसतात. मूळ फोटो ज्याने काढला त्याच्याकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, म्हणजे तो दाबला जात नाही. १० इंच रुंद छापायचा तर फोटो निदान १५०० पिक्सेल रुंद हवा. तरीही मी फोटोपेक्षा रेखाचित्राच्या बाजूचा आहे. खिल्लाराची बाजूने दिसणारी रेघ इतकी देखणी असते, मागे जाऊन वर उचललेली लांब शिंगं, निमुळतं तोंड, ताठ वशिंड, की एका रंगात काढली तरी पन्नास फुटांवरून ओळखू येते. गावातल्या शाळेचे चित्रकलेचे शिक्षक हे काम आनंदाने करतात.

आणि कृपा करून इंटरनेटवरचं रागीट बैलमुंडकं उचलू नका. अमेरिकेतल्या शिकागोच्या बास्केटबॉल संघाचं लाल मुंडकं मी आपल्याकडच्या कितीतरी शर्टांवर बघितलंय. एक तर ते त्यांचं नोंदवलेलं चिन्ह आहे. त्याहून मोठं म्हणजे ती शिंगं आपल्या बैलाची नाहीत. परदेशी बैलांची जी पूर्ण चित्रं मिळतात त्यांना वशिंडच नसतं. ज्या बैलासाठी तुम्ही पहाटे चारला उठता त्याच्या नावाच्या शर्टावर दुसऱ्याच जातीचं जनावर कशाला?

चाबूक, आसूड, काठी हेही चित्रात घेऊ नका. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या तेव्हा मी दुकान चालवत होतो. पुढची साडेसात वर्षं बैलगाड्याच्या शर्टाची एकही ऑर्डर आली नाही. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि पुढच्याच महिन्यात दुकानात पोरं उभी राहिली. मालक माणसं डोळ्यांत पाणी आणून बैलाचं नाव लिहून देत होती. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला. ही परवानगी बैलाला मारायचं नाही, छळायचं नाही या अटींवर टिकून आहे. तुमच्या छातीवर चाबूक छापलेला फोटो कुठेही फिरू शकतो. मी असली ऑर्डर घेत नाही.

देवाचा फोटो शर्टावर मागतात. नाव घ्या, फोटो घेऊ नका. शर्टाला घाम लागतो, तो पायदळी पडतो, माणूस पाठ टेकून बसतो. नावही छातीच्या वर, उजवीकडे किंवा मधोमध.

प्रायोजकांचा प्रश्न दरवर्षी भांडणापर्यंत जातो. कृषी सेवा केंद्र, हॉटेल, दूध डेअरी, एखादा कंत्राटदार, सगळ्यांनी हजार-दोन हजार दिलेले असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा रंगीत लोगो मोठा हवा असतो. माझा उपाय ठरलेला आहे: सगळी नावं एकाच रंगात, एकाच उंचीत, पाठीच्या खालच्या भागात एका ओळीत किंवा दोन. ज्याने निम्म्याहून जास्त खर्च उचलला त्याला बाही. मोबाइल नंबर कुणाचाच नाही. पैसे घेतानाच हे सांगून टाका, नंतर तोंड कडू होत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २२ शर्ट अगदी एकसारखे करू नका. जे पाच-सहा जण बैल धरतात आणि जे पुढे पकडायला उभे राहतात, त्यांच्या शर्टाचे खांदे वेगळ्या रंगाचे करा. निळ्या शर्टाला राखाडी खांदे पुरे. सब्लिमेशनमध्ये याचा जादा खर्च येत नाही, फाइल दोन कराव्या लागतात इतकंच. रेषेवर गर्दी होते, गाडी सुटायच्या वेळी ग्रुपमधलं प्रत्येक पोर मोबाइल घेऊन पुढे घुसतं, आणि पळून आलेले बैल थांबवायच्या जागेवर तर जीवाशी खेळ असतो. खांद्यावरून कळलं की आत कोणी असायचं आणि कोणी दोरीच्या बाहेर. आमच्या भागातल्या दोन ग्रुपांना मी असं करून दिलं. पंचांनीच विचारलं की हे सगळ्यांना सक्तीचं करता येईल का.

या आतल्या पोरांच्या शर्टाला खिसा नको, बटणं नकोत, चेन नको. कासरा अडकतो, शिंग अडकतं. गोल गळा, अर्ध्या बाह्या, बाहीला घट्ट पट्टी. गाडी हाकणाऱ्याचा शर्ट एक माप कमी घ्या, वारा भरला की सैल शर्ट फुग्यासारखा होतो. बैल टेम्पोत घालून रात्री हायवेवर थांबावं लागतं, त्यासाठी चमकणारी पट्टी हवी असं काही जण म्हणतात आणि ते बरोबरच आहे, पण ती शर्टावर शिवू नका. चमकणारी जाकिटं दोन घेऊन टेम्पोत ठेवा, बैल उतरवताना काढून ठेवा.

मापं तोंडी घेऊ नका. प्रत्येकाचा अंगाला नीट बसणारा जुना शर्ट मागवा, सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजून दुप्पट करा. ‘मला एक्सेल लागतो’ यावर जाऊ नका, एका कारखान्याचा एक्सेल दुसऱ्याचा लार्ज असतो. दोन शर्ट जादा करा, यात्रेच्या दिवशी पुण्या-मुंबईहून कोणीतरी येतंच. खर्च म्हणाल तर आमच्याकडे सध्या असा सब्लिमेशनचा शर्ट कापड आणि शिलाईप्रमाणे २८० ते ४०० रुपयांत होतो. कोणी १५० रुपयांत देतो म्हणाला तर कापड घेऊन सोनाराकडे जा. आणि सगळे २४ एकदम टाकायच्या आधी एक शर्ट पूर्ण करून मागा, तो पाच वेळा धुवा, मग बाकीचे.

गुलाल लागला तर त्याच रात्री थंड पाण्यात, कोरडा झटकून मग भिजवायचा. गरम पाणी घातलंत की बसतो. भंडाऱ्याच्या हळदीला साबण लावला की डाग लाल होतो, त्याला घाबरू नका. साबण पूर्ण काढून उन्हात वाळवा, हळद उन्हाने उडते. ब्लीच नको.

शेवटचं एक माप राहतं, ते बहुतेक ग्रुप विसरतात. सर्जाचा खुराक घरात कोण करतं? भिजवणं, भरडणं, अंडी-दूध वेळेवर देणं, तुम्ही कामाला गेल्यावर त्याच्या अंगावरून हात फिरवणं. बहुतेक घरी ही आई असते, नाहीतर चुलती, वहिनी. त्यांच्यासाठी शर्ट करा. गोल गळ्याचा टी-शर्ट त्या घालणार नाहीत, पण आपल्याकडे बायका रानात जाताना लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतातच. तसाच करा: पुढे बटणं, पूर्ण बाह्या, सैल, कापड सुती, रंग तुमच्याच शर्टाचा. सुतीवर सब्लिमेशन चालत नाही, म्हणून नाव खिशावर मशीनने भरून घ्या, भरतकाम करणारा प्रत्येक तालुक्याला असतो. मागच्या वर्षी एका ग्रुपला असा एक करून दिला होता. त्या मावशी नंतर दुकानात आल्या, शर्ट अंगातच होता, आणि विचारलं, याच मापाचा अजून एक मिळेल का, एक धुतला की दुसरा लागतो.